मंत्रीमहोदय, आमच्या नदीकाठचा कास कुणी उपटला?

मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी शहादा तालुक्यातला ऊस उत्पादक शेतकरी. तापीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी आमची सव्वादोन एकर जमीन आहे. म्हणजे होती. भाद्रपदातल्या पुरात त्यातले 22 गुंठे उभ्या उसासकट नदीत गेले, म्हणून आपला वेळ घेतो आहे.

गेल्या हिवाळ्यात एका खात्याचे साहेब गावात सभेला आले होते. नदी खोलीकरणाचं काम निघणार होतं. काठावरच्या कास गवताचं काय करणार, असं मी उभं राहून विचारलं. साहेब म्हणाले, "काका, काठापासून वीस फुटांत यंत्र शिरणार नाही." शंभर माणसांनी ते ऐकलं. पुढे माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत काढली, तर त्यात सगळ्यांचे आभार मानलेले आहेत आणि हे एवढंच वाक्य नाही. मे महिन्यात पोकलेन आलं. तीन दिवसांत दोन फर्लांग काठ सोलून निघाला. मी आडवा गेलो तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "गवतच तर आहे!"

आपल्या खात्याचंही हेच मत असेल, तर हे गवत कोण आहे ते ऐकून घ्या.

कास म्हणजे रानऊस. भाद्रपद-आश्विनात नदीकाठी पांढरे तुरे डोलतात ते याचे. आपल्या शेतातल्या उसाचा हा सख्खा बाप आहे, हे मी अलंकारिक बोलत नाही. जुना जाड रसाळ ऊस न्यू गिनीकडून आला. गोड, पण नाजूक. रोग आला की आडवा. कोइमतूरला 1912 साली ऊस पैदास केंद्र उभं राहिलं. तिथे बार्बर आणि व्यंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड उसाचा तिथल्याच रानउसाशी संकर केला. त्यातून को 205 हा वाण निघाला आणि 1918 साली पंजाबच्या शेतकऱ्यांच्या हातात गेला. जाड उसात गुणसूत्रं 80, कोइमतूरच्या कासात 64. लेकरात निम्मी-निम्मी मिळून 72 यायला हवीत, तर आली 112. आईने आपली सगळीच्या सगळी 80 दिली आणि बापाने निम्मी, 32. धुळ्याला कृषी महाविद्यालयात गुरुजींनी हे फळ्यावर मांडलं, तेव्हा आम्ही पोरं बेरीज तपासत बसलो होतो. चाळीस वर्षं झाली, विसरलो नाही.

जावा बेटावर डच लोकांनीही तेच केलं. सेरेह रोगाने तिथला ऊस बसला होता, त्याला तिथल्या रानउसाच्या रक्ताने उठवलं. आज जगात लावला जाणारा जवळपास प्रत्येक ऊस या संकरांच्या वंशातला आहे. त्याच्या गुणसूत्रांपैकी शेकडा दहा ते वीस कासाची. भरपूर फुटवे, पाण्याचा ताण सोसणं, रोगाशी झुंज आणि कापल्यावर पुन्हा जोमाने फुटणारा खोडवा, हे सगळं त्या दहा-वीस टक्क्यांतून आलं. माझ्या शेतातला को 86032 त्याच घरचा. ज्या खोडव्याच्या भरवशावर आम्ही सोसायटीचं कर्ज उचलतो, तो या गवताने दिलेला आहे.

पण पैदासकारांनी तेव्हा वापरले ते रानउसाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने. रानउसात गुणसूत्रं 40 पासून 128 पर्यंत सापडतात. एका नदीचा कास दुसऱ्या नदीच्या कासासारखा असेलच असं नाही. आमच्या खान्देशात चाळीस-बेचाळीसच्या उन्हात, कोरड्या ठणठणीत वाळूत तो जगतो. त्याच्या अंगात काय आहे हे तपासायला कुणी आलं नाही. पोकलेन मात्र आलं.

शेतात शिरला तर कास वैरी आहे, हे मला नका सांगू. त्याची काशी, म्हणजे जमिनीखाली पसरणारी मुळं, खणताना माझ्या वडिलांच्या हाताला घट्टे पडले होते. बुंदेलखंडात कासाने शेतंच्या शेतं ओस पाडली, आणि 1949 साली भारताने जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलर कर्ज काढलं ते कासाने व्यापलेल्या जमिनी ट्रॅक्टरने नांगरायला. पण ती शेतं होती. इथे मी नदीच्या काठाबद्दल बोलतो आहे. जी काशी शेतात आमचा जीव घेते, तीच काठावर माती धरून ठेवते. वडील बांधाच्या आत कास दिसला की खणायचे आणि बांधाबाहेर कुणाला विळा लावू द्यायचे नाहीत. 2006 च्या ऑगस्टात तापीला महापूर आला, आमच्या नदीचं पाणी मागे तुंबून बांधाला लागलं, तरी गुंठाभरही जमीन गेली नव्हती.

या वर्षी त्याच्या निम्मं पाणी आलं असेल. रात्री दोन वाजता धप्प असा आवाज झाला. फेब्रुवारीत लावलेला सुरू हंगामाचा ऊस, वीस टनांचा तरी होता, कडेने एकेक सरी खाली बसत गेला. पाण्याची मोटर गेली, पाइप गेले. बॅटरीच्या उजेडात ते पाहत उभे राहण्यापलीकडे आम्ही नवरा-बायको काही करू शकलो नाही. सकाळी माझी ऐंशी वर्षांची आई काठावर आली आणि म्हणाली, "नदीनं लुगडं फाडी टाकं रे भाऊ." तेव्हापासून ती शेतात आलेली नाही.

पंचनामा एकोणीस दिवसांनी झाला. आपत्ती मदतीच्या 2022 च्या निकषात वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार. माझ्या 22 गुंठ्यांचे होतात दहा हजार तीनशे चाळीस. एवढ्यात वाहून गेलेली मोटरसुद्धा येत नाही, मंत्रीमहोदय, आणि जमीन तर कोणत्याही दुकानात मिळत नाही. खोलीकरणाच्या फलकावर कामाची रक्कम मात्र लाखांत लिहिली आहे.

कायदे कमी आहेत का? 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात पिकांचे रानटी नातलग जपणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची तरतूद आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही आली. आमच्या गावची नोंदवही मी पाहिली. तिच्यात वड, पिंपळ, कडुनिंब, मोर आहेत. कास नाही. गावात पाच मिनिटं चालला असता तरी दिसला असता, पण वही तालुक्याला बसून भरलेली. तुमची सगळी व्यवस्था अशीच चालते. वही भरली की गवत वाचलं, फलक लागला की नदी सुधारली, साहेबांनी तोंडी सांगितलं की शेतकरी गप्प. आम्ही ऊस पिकवायचा, साखरेवरचं राजकारण तुम्ही करायचं, आणि उसाचं मूळ जिथे उभं आहे तो काठ ठेकेदाराच्या नावे लिहून द्यायचा!

भरपाईचा अर्ज मी वेगळा दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. या पत्रात मागणं एकच. पलीकडच्या काठावर अजून दीडशे पावलं कास उभा आहे. यंदा आमच्या नदीवर तेवढाच फुलला. गेल्या सोमवारी तिथे लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेले आहेत. दिवाळीनंतर काम सुरू होणार म्हणतात. त्याआधी पाडेगावच्या किंवा कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रातला एक माणूस पाठवा, त्याला इथली कासाची बेटं पाहू द्या, नमुने नेऊ द्या, आणि तोवर यंत्र थांबवण्याचा लेखी आदेश काढा. तोंडी नको.

मी तिथली चार बेटं घमेल्यात आणून माझ्या तुटलेल्या काठावर लावली आहेत. दोन जगली आहेत.

आपला,
शहादा तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी