सूचना : दिवाळीआधी फोनवरचं दुकान नीट लावा

सर्व सभासद भगिनींना नमस्कार. वाकळी, तोरणं, क्रोशाचे रुमाल करणाऱ्यांनी जाहिरातीवर पैसे घालण्याआधी फुकटातली कामं उरकावीत. व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप, मोफत आहे. त्यात कॅटलॉग (मालाची फोटोंसकट यादी) भरा आणि किंमत लिहाच. 'किमतीसाठी मेसेज करा' वाचून गिऱ्हाईक पुढं जातं. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडायची सोय) २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पार्सलात नंबराची चिठ्ठी घाला.

फोटो सकाळच्या उजेडात, दारात काढा. फ्लॅश नको, वाकळीचा रंग मरतो. एक फोटो टाक्यांचा, अगदी जवळून. हातकाम तिथंच दिसतं. खाली मापं द्या, आणि मजकूर मराठीबरोबर कन्नडातही. हुबळी-धारवाडचं गिऱ्हाईक का सोडायचं?

ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या साइटवर ठरावीक उलाढालीच्या आत जीएसटी नोंदणीशिवाय विकता येतं, १ ऑक्टोबर २०२३ पासून. मात्र राज्यातल्या राज्यातच. आपण कर्नाटकात, म्हणून महाराष्ट्रातलं चंदगड हाकेच्या अंतरावर असलं तरी ते परराज्यच धरतात!

कॅटलॉग भरताना अडलं तर शनिवारच्या बैठकीला या. फोन चार्ज करून आणा.