ग्रंथपालकाका, तुमचा पाठकोरा कागद माझ्याकडेच राहिलाय

आदरणीय ग्रंथपालकाका,

सा. न. वि. वि.

मागच्या मे महिन्यात तुम्ही मला एक पाठकोरा कागद दिला होतात. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. समोर येऊन मानले असते, तर 'बरं बरं' म्हणत तुम्ही खाली मान घालून पुस्तकांवर शिक्के मारत बसला असतात. म्हणून हे जाहीर पत्र.

तेव्हा माझी व्याख्यानमालेतल्या भाषणाची तयारी चालली होती. विषय 'शहाणपण'. बाई मानसशास्त्र शिकवतात म्हणजे त्यांना यातलं कळत असणार, असा आयोजकांचा समज होता. माझाही होता. डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी पुस्तकं तुम्ही कपाटातून काढून द्यायचात आणि माझी टिपणं वाढत जायची. ॲरिस्टॉटल म्हणतो, कोवळ्या वयात भूमिती येईल, पण व्यवहारातला विवेक यायला अनुभव लागतो. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांच्या गटानं माणसांना प्रश्न घालून पाहिलं, तर नुसत्या वाढत्या वयानं शहाणपणाचे गुण वाढत नाहीत असं दिसलं. त्यांचा एक प्रश्न माझा फार लाडका आहे. १५ वर्षांची मुलगी म्हणते, मला लगेच लग्न करायचंय. तर काय विचार कराल? 'छे, अजिबात नाही' म्हणून मोकळं होणाऱ्याला कमी गुण. तिची परिस्थिती काय, तिला आईबाप आहेत का, ती आजारी तर नाही ना, हे मनात आणणाऱ्याला जास्त.

वर्गात हे सांगताना मी अगदी रंगून जाते. आणि त्याच आठवड्यात, भावानं न विचारता परसातला आईनं लावलेला फणस तोडला, म्हणून मी वकिलांकडून नोटिशीचा मसुदा करून घेतला होता. तो पर्समध्येच होता. तुम्हाला दाखवला तो तुम्ही माझी बाजू घ्याल म्हणून. खोटं कशाला बोलू?

तुम्ही वाचलात, घडी घालून परत दिलात आणि खणातून तो कागद काढलात. "ही हकीकत दुसऱ्या कुणाची आहे असं समजून लिहा, ताई. 'मी' नको, नावं नकोत. थोरली बहीण, धाकटा भाऊ, एवढंच." मग उठून पंखा बारीक केलात.

मी लिहिलं: 'थोरली शहरात असते. आईच्या आजारपणाची चार वर्षं धाकट्यानं काढली. फणस आतून पोखरला होता, कौलांवर कलला होता. धाकट्यानं तो पावसाआधी पाडला. थोरलीला विचारलं नाही.' इथे पेन थांबलं. कागदावरच्या त्या बाईबद्दल मला पहिल्यांदाच शंका आली. विचारायला म्हणून त्यानं फोन केला असता, तर हिनं उचलला असता का?

पुढे वाचनात आलं की इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये हेच मांडलंय. दुसऱ्याच्या भानगडीत माणूस शहाण्यासारखा विचार करतो, स्वतःच्या भानगडीत घसरतो, आणि स्वतःकडे परक्यासारखं पाहिलं की ही तफावत कमी होते. त्यांनी याला नाव दिलं राजा सॉलोमनचं. बायबलातल्या या राजानं दोन बायकांमधला तान्ह्या बाळाचा वाद क्षणात सोडवला, पण स्वतःच्या घरात ७०० राण्या, आणि त्याच्या पाठीमागे मुलाच्या हातात राज्याची दोन शकलं. (आपल्याकडे पेशवाईत शहाणे साडेतीनच मोजले गेले आणि अर्धा कोण, तर नाना फडणवीस! मग माझ्यासारखीनं किती उड्या माराव्यात?)

तुम्ही हे संशोधन वाचलेलं नव्हतंत. भाषणानंतर मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आमच्याकडे दासबोध आहे, त्यात पढतमूर्खाची लक्षणं आहेत. दुसरा दशक, शेवटचा समास." हे माझ्याकडे न बघता म्हणालात, त्याबद्दलही आभार. मी घरी जाऊन तो समास वाचला. बरीच लक्षणं जुळली.

नोटीस पाठवली नाही. वकिलांची फी गेली ती गेली. भावाशी बोलणं पूर्वीसारखं झालंय असं नाही. फोनवर तो पावसाचं सांगतो, मी कॉलेजचं. फणसाचे दोन पाट करून ठेवलेत, म्हणाला. कुणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कागद जपून ठेवलाय. त्याच्या मागच्या बाजूला थकबाकीदार सभासदांची यादी छापलेली आहे, सातवं नाव माझं. शनिवारी येऊन भरते.

आपली,
सभासद क्र. ४१२