वकील बदलायचा नाही

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. "आता बाहेर आलायस तर मुंबईचा मोठा वकील गाठ, दोन एकर गेले तरी चालतील" असं लिहिलंयस. माया कळते रे, पण वकील बदलायचा नाही.

सेशन कोर्टाने जन्मठेप दिली तेव्हा हातात दमडी नव्हती. हर्सूल जेलमधूनच अर्ज गेला आणि हायकोर्टाच्या खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीने या मॅडम नेमून दिल्या. १९८७ च्या कायद्यातच तशी सोय आहे. आत असलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील मिळतो. बराकीत सगळे हसले. फुकटचा वकील नुसत्या तारखा घेतो, अशी तिथली समजूत. ती अगदीच खोटी असती तर बरं झालं असतं.

मॅडम मुलाखतीला आल्या त्या पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या सगळ्या कागदांचा गठ्ठा, घेऊनच. पानापानाला चिठ्ठ्या. जप्तीच्या वेळच्या पंचाच्या साक्षीचं पान काढून विचारलं, "शर्ट जप्त केला तेव्हा पिशवी कापडी होती की कागदी? सीलची लाख लावताना पाहिलंत?" मी म्हटलं, कसली लाख? हवालदाराने खाकी कागदात गुंडाळून जीपमध्ये टाकला. त्यांनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. उलटतपासात पंच स्वतःच म्हणालाय, "माझ्यासमोर सील केलं नाही." एवढी एक ओळ. खालच्या कोर्टात कोणी तिच्यावर बोट ठेवलंच नव्हतं.

अपिलात सहसा नवे साक्षीदार येत नाहीत, जे रेकॉर्डवर आहे त्यावरच भांडायचं. म्हणजे वाचणारा हवा. माझ्या केसमध्ये डोळ्यांनी पाहिलेलं कोणी नाही, सगळा भार त्या शर्टावरच्या रक्तावर, आणि तो शर्टच सील न करता नेलेला. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली शरद सारडा खटल्यात सांगितलंय की परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण हवी, आरोपी निर्दोष असण्याला कुठेही वाव राहता कामा नये. सारडा सुटला होता. हे सगळं मॅडमनी जाळीपलीकडून, मला कळेपर्यंत समजावलं. माझ्याच केसमध्ये काय आहे ते तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

शिक्षा स्थगित होऊन जामीन झाला त्या दिवशी आई मॅडमकडे पेढे घेऊन गेली. त्यांनी एक घेतला, पुडा परत दिला आणि बजावलं, "माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत." मला म्हणाल्या, "सुटलात असं समजू नका. अंतिम सुनावणी बाकी आहे. अपील फेटाळलं तर परत आत जावं लागेल." आधीचे वकील कायम "काळजीच करू नका" म्हणायचे. हे ऐकायला कडू लागलं, पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली.

निकाल कसाही लागो, या बाईंचं ऋण आहेच. निकालानंतर लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, सुटला म्हणून गोडवे गातोय.

आता एक काम कर. मामा जमिनीला गिऱ्हाईक घेऊन येणार आहे म्हणे. तू तालुक्यालाच असतोस, तिथेच त्याला अडव. आईच्या कानावर हा विषय जाता कामा नये. तुरीची खळी पुढच्या आठवड्यात आहेत, रविवारी ये.

तुझाच,
आबा