वारसा वाटून टाकण्याचा सल्ला घातक

महोदय,

परदेशस्थ मराठी कुटुंबांवरील रविवारच्या लेखात, वारशाचा पैसा मुलांच्या नावे केला की ब्रिटनमधील ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत सुरू राहते, असे सुचवले आहे. हा सल्ला कुटुंबांना गोत्यात आणेल. बचत ६,००० पौंडांवर गेली की वरच्या दर २५० पौंडांमागे, अपुऱ्या २५० मागेही, दरमहा ४.३५ पौंड कापले जातात. १६,००० च्या वर मदतच बंद. पुण्यातला फ्लॅट विकून आलेले पैसेही याच हिशेबात धरतात. मदत मिळावी म्हणून पैसा वाटला, तर तो अजून हातातच आहे असे मानले जाते. कर्जफेड किंवा गळक्या छताची दुरुस्ती असा वाजवी खर्च मात्र चालतो. त्याच्या पावत्या, बँकेचे उतारे जपावेत आणि रक्कम येताच या मदतीच्या आपल्या ऑनलाइन खात्यातील ‘जर्नल’मध्ये (संदेशांच्या नोंदवहीत) कळवावे. कळवायला उशीर झाला, तर जास्तीची मदत वसूल केली जाते.

– एक वाचक, लंडन