डिसेक्शन हॉलच्या काकांस

आदरणीय काका,

देहदानातून आलेल्या देहाचे विच्छेदन करताना अन्ननलिकेच्या वरच्या टोकाची ती दुर्मीळ पिशवी (भिंतीतून बाहेर आलेला फुगा), म्हणजे किलियन-जेमिसन पिशवी, आम्हांला शाबूत मिळाली, ती तुमच्यामुळे. गोव्यात १८४२ पासून डॉक्टर घडत आहेत, पण शोधनिबंधात डिसेक्शन हॉल सांभाळणाऱ्याचे नाव क्वचितच येते. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

देह टिकवणारे फॉर्मालिन मांडीतल्या फेमोरल धमनीतूनच भरायचे, बाटली टांगून, संथ धारेने, हा आग्रह तुमचा. मानेतल्या कॅरोटिडमधून भरणे सोयीचे असते खरे. पण त्यासाठी तिथलीच आवरणे उकलावी लागतात, आणि दाब वाढला की मान सुजून थर जागचे हलतात. पुढे मुले थायरॉइडचा डावा लोब बोटाने ओढू लागली, तेव्हा "आधी मधली शीर बांधून कापा, मग लोब हळू आत वळवा" हेही तुम्हीच बजावलेत. तो हिसका बसला असता तर पिशवी फाटली असती. तिच्या भिंतीत आतला बुळबुळीत श्लेष्मल थर आणि त्याखालचा थर एवढेच असते, स्नायू नसतो. फाटलेली पिशवी चरबी किंवा गाठ समजून बादलीत जाते.

या किलियन-जेमिसन पिशवीची ओळख आकारावरून पटत नाही, जागेवरून पटते. तिच्यासारखीच दुसरी, झेंकरची पिशवी, मागे, मध्यरेषेवर, घसा आणि अन्ननलिका जिथे जुळतात तिथल्या क्रिकोफॅरिंजिअस स्नायूच्या वर उगवते. ही त्याच स्नायूच्या खाली, बाजूला आणि किंचित पुढे, बहुधा डावीकडे. अन्ननलिकेचे उभे स्नायूतंतू जिथे स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या क्रिकॉइड कूर्चेला जाऊन चिकटतात, त्याच्या बाहेरच्या बाजूला भिंत कच्ची असते. तिथूनच ती फुगते. म्हणून आजूबाजूचे काही तुटले, की निदानही गेले. अन्ननलिका खालून बांधून वरून सिरिंजने पाणी सोडले, पिशवी फुगली आणि तोंड दिसले. मग देठाची पट्टी काढून स्लाइडवर स्नायूचा अभाव पडताळला.

आवाजाची रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह देठाला लागूनच वर जाते. दुर्बिणीतून पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधला पडदा कापताना तीच दुखावण्याची भीती, म्हणून अनेक सर्जन मान उघडून ती नजरेसमोर ठेवणे पसंत करतात. सोनोग्राफीत तर ही पिशवी थायरॉइडची गाठ वाटते. आतल्या हवेचे चमकते ठिपके कॅल्शियमचे समजून कुणी सुईही घालतो! रुग्णाला घोट गिळायला लावला की ते ठिपके हलतात, हे आता मुलांना नमुना समोर धरून सांगता येईल.

देहदात्याच्या घरच्यांचे आभार आम्ही वेगळे मानले आहेत.

नमुना दहा टक्के फॉर्मालिनमध्ये आहे. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून झाकण मेणाने बंद करायचे आहे. त्याआधी नर्व्हखालून खुणेचा पिवळा दोरा ओवायचा राहिला आहे. तो तुम्हीच ओवावा, अशी विनंती.

आपले,
शरीररचनाशास्त्राचे शिक्षक