हंगाम ओळखणारं गिऱ्हाईक हवं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अलिबागचा पांढरा कांदा बाजारात आल्याची बातमी दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या दैनिकात आली. रस्त्याकडेला टांगलेल्या माळांचा फोटो, भाव चढा की उतरता याची एक ओळ आणि शेवटी 'पर्यटकांची पसंती'. बातमीत चूक काही नाही. पण मुंबई-पुण्याहून येणाऱ्या माणसाला जे कळायला हवं ते तीतून कळत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबलंय, कात्री आपल्या हातात आहे.

हा कांदा आमच्या तालुक्यात कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव, सागाव, तळवली अशा मोजक्या गावांतला. खरिपाचं भात कापून खाचरं मोकळी झाली की रोपाची तयारी सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत लावणी, फेब्रुवारीपासून काढणी, ती एप्रिलपर्यंत चालते. बी बहुतेकांचं घरचं, निवडून जपून ठेवलेलं. काढलेला कांदा पातीसकट काही दिवस वाळवतात आणि मग बायका माळा वळायला बसतात. हे काम बघण्यासारखं असतं. पात ओली राहिली तर आतून कुजते, पार कोरडी झाली तर वळताना तुटते. मधली नेमकी वेळ हाताला कळावी लागते. मोठा कांदा एकीकडे, बारीक दुसरीकडे निवडून पातीत पात गुंतवत, प्रत्येक वेढ्याला अंगठ्याने आवळत त्या वेणी घालत जातात. माळ सैल झाली तर टांगल्यावर कांदे एकेक करून खाली येतात, म्हणून नवख्या हाताला आधी बारीक कांद्याच्या माळा देतात. दिवसभर मांडी घालून हे काम केलेल्या बाईला संध्याकाळी उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. बातमीतल्या फोटोत हे येत नाही.

कृषी खातं आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ यांनी मिळून या कांद्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे 'माल याच भागातला' असा सरकारी शिक्का, मिळवून दिलं, ही आनंदाचीच गोष्ट. त्यासाठी 1883 च्या कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमधल्या उल्लेखाचा दाखला दिला गेला होता. म्हणजे नाव जुनंच, शिक्का नवा. पण नाव मोठं झालं की नकलाही आल्याच. बाहेरच्या जिल्ह्यांतून पोत्यांनी आलेला पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून विकला जातो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माळ घातलेली आहे म्हणजे कांदा अस्सल, हेही आता खरं राहिलेलं नाही. 1999 च्या मानांकन कायद्यात शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवण्याची सोय आहे, आणि ती नोंदणी शेतकऱ्यांनी जरूर करावी. पण वडखळ नाक्यावर पाच मिनिटं गाडी थांबवणारं गिऱ्हाईक प्रमाणपत्र कुठे वाचत बसणार?

मग त्याने काय बघावं? माझं उत्तर : आधी महिना बघावा. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे भात एकतर शेतात उभं असतं, नाहीतर कापून खळ्यावर आलेलं असतं. त्या दिवसांत कोणी 'ताजा अलिबागचा कांदा' म्हणून माळ पुढे केली, तर ती कुठून आली हे विचारायचीही गरज नाही. फेब्रुवारी उजाडल्यावर मात्र विचारावं, 'कुठल्या गावचा?' कार्ल्याची बाई कार्ले म्हणेल, कुणाच्या शेतातला तेही सांगेल, आणि तुम्ही थांबलात तर यंदा दव किती पडलं इथपर्यंत गोष्ट जाईल. 'इथलाच, इथलाच' एवढंच गुळमुळीत उत्तर मिळालं तर खुशाल पुढच्या माळेपाशी जावं. चवीचं म्हणाल तर हा कांदा गोडसर, तिखटपणा कमी. भाकरीबरोबर कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.

हापूसचीही कथा वेगळी नाही. 2018 मध्ये रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा कोकणच्या खोक्यात बसून येतोच. त्यावर आपण बरंच छापलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

मला जास्त बोलायचंय ते ज्यांना ना शिक्का ना खोका, त्यांच्याबद्दल. भातानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल होतो. कडवा वाल, ज्याचं बिरडं मुंबईत घरोघरी केलं जातं. थंडीत याच्या शेंगा भरतात आणि पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी, लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा, पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, जोडीला बटाटे, अंडी, कोणाची कोंबडी, वरून पुन्हा भांबुर्डा दाबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. हल्ली पर्यटकांना पोपटी एप्रिलमध्येही हवी असते आणि 'मिळेल' म्हणणारेही भेटतात. त्या मडक्यात शेंगा कसल्या असतील, हे ज्याने जानेवारीत एकदा खाल्ली आहे तोच ओळखेल. आणि अवकाळी पाऊस झाला, ढगाळ हवा राहिली, तर वालावर कीड पडते, शेंगाच कमी येतात. अशा वर्षी शेतकरी दोन रुपये जास्त सांगतो तेव्हा तो लुटत नसतो.

पुढे मृगाच्या आधी-मागे शेवळं ही रानभाजी येते. पहिल्या पावसाच्या सरी पडल्या की डोंगरातल्या वाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकूर बाया पहाटे निघतात आणि अलिबाग, पेण, पनवेल, कर्जतच्या बाजारात जुड्या मांडून बसतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून जुडीबरोबर काकडं देतात. ही आंबट हिरवी फळं घातल्याशिवाय भाजी करायची नाही, हे ती बाई तुम्ही न विचारताही दोनदा सांगते. 'काकडां घाल गो, नायतर मला शिव्या देशील.' ही पाककृती फुकट मिळते. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. एकही लावलेली नाही, कशालाही औषध मारलेलं नाही, आणि प्रत्येकीचे दिवस ठरलेले. टाकळा कोवळा आहे तोवर खायचा, फुलावर आला की संपला. त्या चार-सहा आठवड्यांत जे विकलं जाईल तेच त्या घराला पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसे म्हणून मिळतं.

या भाज्यांसाठी ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास, रानभाजी महोत्सव भरतात. ते भरावेत, मी स्वतः जातो. पण त्यातही हंगामाचा घोळ आहे : ऑगस्टमध्ये शेवळं कधीच संपलेली असतात, टाकळा निबर झालेला असतो. मंडपात टेबलावर नावाच्या चिठ्ठ्या लावून मांडणी होते, मान्यवर भाजी चाखतात, भाषणं होतात. आणि ज्या बायकांनी ती भाजी आणली त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारातल्या गटाराच्या कडेला. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की भाजीची टोपली उचलून पळायचं. आदल्या दिवशी शाल आणि दुसऱ्या दिवशी हाकललं जाणं, हे मी पाहिलंय म्हणून लिहितोय.

खरं तर वाट मोकळी करून दिलेली आहे. जुलै 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला आणि त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं. शहरांत ठिकठिकाणी असे बाजार दिसतात. मग रोज शेकडो गाड्या उतरवणाऱ्या मांडवा जेटीवर, वडखळ नाक्यावर, अलिबागच्या किनाऱ्यापाशी, शेतकऱ्यासाठी पत्र्याची एक शेड, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह एवढं का होऊ नये? मार्च 2020 मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू. गिऱ्हाईक दारात आलं आहे. गिऱ्हाइकासाठी जागोजागी वाहनतळ झाले. माळवाली मात्र धुळीत, अंगावरून ट्रक जाताहेत अशा जागी उभी.

याच गाड्यांतून जमीन बघणारेही येतात, हेही सांगायला हवं. कांद्याच्या दोन खाचरांमध्ये एखाद्या बंगल्याची आठ फुटी भिंत उभी राहते, पाण्याची वाट अडते आणि शेजारच्याचंही पीक बसतं. हा तोच तालुका आहे जिथे 1933 मध्ये चरी गावच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप करून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण हटले नाहीत. त्यांच्या नातवंडांनी जमीन विकली तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुलीचं लग्न, मुलाची फी, दवाखाना, सगळं वालावर आणि कांद्यावर भागत नाही. पण तीन महिन्यांचं पीक नीट भावाने विकलं गेलं, तर निदान विकण्याआधी माणूस दोनदा विचार करील. शेतकऱ्यावर प्रेम असलेल्यांनी कविता पाठवण्यापेक्षा दोन माळा जास्त घ्याव्यात, असं माझं रोखठोक मत आहे.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या दैनिकात बाजारभाव रोज येतात : आवक, किमान, कमाल. त्या कोष्टकाशेजारी आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्यावी. आपल्या भागात या आठवड्यात कोणतं पीक, कोणती रानभाजी, कोणतं फळ आलं; कोणत्या गावांतून येतं; आणखी किती दिवस मिळेल; आणि काय संपलं. चार-पाच ओळी पुरेत. 'काय संपलं' हे तर मुद्दाम छापावं, कारण भेसळ करणारा जगतो तो गिऱ्हाइकाच्या याच अज्ञानावर. जिल्हा आवृत्त्यांनी आपापलं बघावं : पुरंदरला अंजीर आणि सीताफळ, डहाणू-घोलवडला चिकू, बहाडोलीला जांभूळ, महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी. माहितीसाठी वार्ताहराला फार फिरावं लागणार नाही. सकाळी सातच्या आत बाजारात जाऊन जमिनीवर बसलेल्या बायकांच्या टोपल्या बघाव्यात. गाळ्यांत बघू नये, तिथे बारा महिने फ्लॉवरच असतो.

चौकटीची सुरुवात कांद्यापासून करायची असेल तर एप्रिल संपायच्या आत करावी. त्यानंतर लागवडीचे जे काही प्रश्न विचाराल ते सांगायला कार्ले-खंडाळ्याचे शेतकरी आनंदाने तयार होतील, फक्त त्यांना लावणीच्या आठवड्यात फोन करू नये.

आपला,
एक वाचक, पोयनाड (ता. अलिबाग, जि. रायगड)