गुरुवारी जातेयस म्हणून

प्रिय मने,

रात्री तुझा मेसेज वाचला. घेतलीस एकदाची काउन्सेलरची अपॉइंटमेंट, खूप बरं वाटलं गं. आणि खाली विचारलंयस ना, पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागेल का, माझ्या तोंडून ते निघणारच नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसलेय, फोनवर मला हे नीट जमलं नसतं.

नाही सांगावं लागत. आणि कुणी पहिल्याच तासाला खोदून खोदून विचारायला लागलं तर सरळ म्हण, आज नको. माझं तुला माहितीय, २०१९ च्या पुरात सांगलीत आम्ही वरच्या मजल्यावर अडकलेलो, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. नंतर दोन वर्षं नुसता पत्र्यावर पाऊस वाजला तरी माझे हातपाय गार पडायचे. तेव्हा ज्या पहिल्या काउन्सेलरकडे गेले त्यांनी पहिल्याच दिवशी अगदी सुरुवातीपासून सांगा म्हटलं, मी सगळं सांगून टाकलं, आणि चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मग सहा महिने कुणाकडे गेलेच नाही, मला वाटलं माझ्यातच काहीतरी खोट आहे.

आत्ताच्या मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, कुठल्या खुर्चीत बसायला आवडेल, दार लावू की थोडं उघडं ठेवू. मी दार दिसेल अशी बसले. बाहेर पाऊस होता, तर म्हणाल्या खिडकी लावून घेऊ का. मने, मला तिथेच रडू आलं, कारण पुरात मला कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळं आपोआप अंगावर येत गेलेलं.

पहिले दोन-तीन सेशन बरेचसे माहितीचे असतात. झोप, जेवण, चालू औषधं, घरी कोण कोण, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, दचकू नकोस. तू बोलशील ते त्यांच्यापाशीच राहतं, पण जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं तर त्यांना ते बाहेर सांगावं लागतं. तुझं लहानपणचं आहे, म्हणून काय सांगितलं तर काय होऊ शकतं ते आधीच विचारून घे. त्यांचं शिक्षण, आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का, ट्रॉमाचं, म्हणजे मनावरच्या आघाताचं ट्रेनिंग कुठलं, हेही विचार, त्यात उद्धटपणा काही नाही, चांगला माणूस शांतपणे उत्तर देतो.

मॅडमनीच सांगितलं की ज्युडिथ हर्मन म्हणून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी यातून बाहेर येण्याचे तीन टप्पे मांडलेत, आधी सुरक्षित वाटणं, मग आठवणं आणि त्याचं दुःख करणं, मग परत माणसांत, रोजच्या जगण्यात येणं. माझे पहिले दोन महिने पहिल्याच टप्प्यात गेले. पाय जमिनीला टेकवून बसायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, तोंडावर गार पाणी मारायचं. मला वाटायचं यासाठी पैसे मोजतेय का मी? पण नंतर पुराबद्दल बोलताना श्वास वर लागला तेव्हा याच गोष्टींनी मला परत खुर्चीत आणलं. हात वर केला की थांबायचं असं आमचं ठरलेलं, आणि त्या खरंच थांबायच्या, अर्ध्या वाक्यात.

पुढे तुझ्या काउन्सेलर ईएमडीआर नावाच्या उपचाराबद्दल विचारतील कदाचित, त्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत इकडून तिकडे फिरवायचे असतात. १९८७ पासूनची पद्धत आहे, डब्ल्यूएचओनेही पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, सुचवलीय. तुला नको वाटलं तर नको म्हण, दुसरेही मार्ग आहेत.

आणि एक. तू नेहमी म्हणतेस, मी ओरडले का नाही, दगडासारखी पडून का राहिले. मने, धोका खूप मोठा असला आणि पळायला वावच नसला की शरीर गोठतं, तो निर्णय तू घेतलेलाच नसतोस, मेंदू विचार करायच्या आत घेऊन मोकळा होतो. आठ वर्षांची होतीस तू. मी हे तुला कितीदा सांगितलं असेल, पण तुझ्या बाजूने बसलेल्या, यातलं कळणाऱ्या माणसाकडून ऐकशील तेव्हा वेगळं पोचेल, मला फार वाटतं तसं.

मधले काही दिवस वाईट जातील. स्वप्नं पडतील, उगाच चिडचिड होईल, अंग दुखेल. ते पुढच्या वेळी सांग, म्हणजे त्या वेग कमी करतील. चार-पाच वेळा जाऊनही त्यांच्यासमोर सुरक्षित वाटलं नाही तर माणूस बदलायचा, ट्रीटमेंट सोडायची नाही. आणि रात्री-बेरात्री फारच असह्य झालं तर १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. मला तर कधीही उठव.

गुरुवारी नंतर ऑफिसची मीटिंग ठेवू नकोस. घरी काय सांगायचं ते तुझं तू ठरव, दाताला दाखवायला गेलेले म्हटलंस तरी चालेल. रिक्षात बसलीस की मला फोन कर, आणि बोलावंसं वाटलं नाही तर नुसता मिस्ड कॉल दे, मी समजून घेईन.

तुझी,
वंदू